मोबाइल, झोप आणि रात्रपाळी

किशोरवयीन मनावर मोबाइलचा परिणाम होतो तो मुख्यतः झोपेच्या वाटेने. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे या मुलांना लवकर झोपच येत नाही. शाळा मात्र सकाळी आपल्या वेळेलाच भरते. मधल्या जागेपणात हातात फोन आला की झोप आणखी लांबते. ही तूट आठवडेच्या आठवडे साचत गेली की चिडचिड, विसराळूपणा, उदासी आणि घबराट बळावते.

फोनवरची रील संपत का नाही, हेही समजून घ्यायला हवे. वर्तमानपत्राचे पान संपते, मालिकेचा भाग संपतो आणि माणूस उठतो. २००६ साली आझा रॅस्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने कधीच न संपणाऱ्या पानाची मांडणी तयार केली आणि थांबण्याची ती जागाच नाहीशी झाली. शिवाय पुढे काय येणार हे आधी कळत नाही. चार चित्रफिती रटाळ निघतात, पाचवी खळखळून हसवते. त्या पाचवीच्या आशेवर अंगठा सरकत राहतो. हमखास मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधी मिळते, कधी हुकते असे बक्षीस माणसाला जास्त खिळवून ठेवते. म्हणूनच, ‘मनावर ताबा ठेव’ एवढेच सांगून मोकळे होणे हा मुलांवर अन्याय आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात या प्रश्नाला रात्रपाळीचीही बाजू आहे. टॉवेल आणि चादरी विणणारे इथले अनेक कारखाने रात्रीही चालतात. याच रस्त्यावर पुढे कुंभारीला विडी कामगारांची मोठी घरकुले आहेत. वडील रात्रपाळीला, आई दिवसभर विड्या वळून थकून झोपलेली. अशा घरात जाग्या मुलाला सोबत उरते ती फोनची. दिवसा वडिलांची झोपमोड नको म्हणून, ‘गप्प बस’ म्हणत मुलांच्या हाती फोन दिला जातो तो मोठ्यांकडूनच. त्याला लाड म्हणता येणार नाही. जागा आणि वेळ अपुरी पडल्याने काढलेली ती वाट असते. रात्रपाळी उरकून आलेला विशीतला कामगार उजेडात झोप लागेना म्हणून फोन उघडतो, तेव्हा प्रश्न आणखी गंभीर होतो. रात्री चालत्या यंत्रापुढे डुलकी लागली तर जिवावर बेतते.

तरीही सारा दोष फोनच्या माथी मारणे बरोबर नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक आढळतो, त्यातला जेमतेम ०.४ टक्के तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. हा सरासरीचा हिशेब आहे. आधीच एकट्या पडलेल्या मुलाला बसणारा फटका त्यात झाकला जातो. फोनचा उपयोगही खरा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्याच परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना फोनने वाचता येणारे क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला.

उपायासाठी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाकडे पाहावे. ऑगस्ट २०२२ पासून तिथे सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. नियम मोठ्यांनाही लागू होता, हे त्यातले मर्म. सगळ्यांचेच फोन बंद असले की आपण काही तरी गमावतो आहोत, असे मुलाला वाटत नाही. पाळ्यांच्या वस्तीत सर्वांना एकच वेळ जमणार नाही. तिथे प्रत्येक घराने आपली वेळ ठरवावी. रात्री सगळे फोन चार्जिंगला अंथरुणापासून दूर लावावेत आणि गजराला साधे घड्याळ वापरावे. दिवसा झोपणाऱ्या कामगारासाठी खिडकीला जाड पडदा लावावा.

मूल दोन आठवडे सलग उदास असेल, मित्र टाळत असेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर फोन काढून घेऊन भागणार नाही. त्याच्याशी बोलावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.