शिदोरी तीन तासांची

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने माशाच्या अंड्याविषयी का लिहावे, असे वाचकांना वाटेल. पण मी कॉलेजात नाव घातले तेव्हा ‘शिक्षण रक्तातच असावे लागते’ असे ऐकले होते. म्हणून कोण काय होणार, हे कधी ठरते याचे मला कुतूहल वाटू लागले.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील ओढ्यांत व भातखाचरांत आढळणारा झेब्रा मासा जेमतेम दीड इंचाचा, निळ्या पट्ट्यांचा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले. त्याचे अंडे आईच्या शरीराबाहेर वाढते आणि गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे वाढ डोळ्यांनी पाहता येते.

फलनानंतर पाऊण तासाने एका पेशीच्या दोन होतात. मग साधारण दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. तीन तासांत सुमारे हजार! एवढा वेळ गर्भाची स्वतःची जनुके जवळजवळ मुकीच असतात. आईने अंड्यात ठेवलेल्या ‘आर.एन.ए.’ नावाच्या निरोपांवर सारा कारभार चालतो. ही शिदोरी सरू लागते, तेव्हा गर्भ स्वतःची जनुके वाचू लागतो.

प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी एकच असते. मग एक पेशी स्नायू आणि दुसरी मज्जातंतू कशी होते? याचे उत्तर असे, की प्रत्येक पेशी निराळी पाने उघडते. उघडलेल्या पानाची नक्कल म्हणजेच आर.एन.ए. पूर्वी अनेक पेशी एकत्र वाटून तो मोजत, त्यामुळे केवळ सरासरी कळे. आता पेशी सुट्या करून प्रत्येकीच्या आर.एन.ए.ला वेगळी खूण लावता येते. २०१८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ६९४ गर्भांतील ३८,७३१ पेशी अशा तपासल्या. फलनानंतरच्या सुमारे सव्वातीन ते बारा तासांचा हा काळ. सारख्या पेशी जवळ मांडल्या, तेव्हा एका खोडातून फांद्या फुटलेला वृक्ष उभा राहिला. विशेष म्हणजे, फाट्यावरच्या काही पेशींत एकाहून अधिक वाटांची जनुके एकाच वेळी चालू होती!

पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मी जाणते. तरी पोथी तीच असूनही वाटा वेगळ्या होतात, हे कळल्यापासून ‘रक्तातच असावे लागते’ हे वाक्य मला पूर्वीसारखे टोचत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आईने बांधून दिलेली शिदोरी घेऊन निघाले आहे. पुढची पाने मलाच उघडायची आहेत.