पूर्वेच्या दारात थांबलेले पाप

आडुतुरै हे नाव तंजावर भागातल्या शेतकऱ्याला भातामुळे ठाऊक असते. इथल्या भात संशोधन केंद्राच्या वाणांना ‘एडीटी’ हे नाव गावावरूनच मिळाले. पण मराठी माणसाने इथून कुंभकोणमकडे जाणारी गाडी धरली, तर पुढच्याच स्टेशनावर, तिरुविडैमरुदूरला, उतरावे. तिथल्या महालिंगस्वामींच्या देवळाची एक गोष्ट आहे आणि आपल्याच एका राजाची दुसरी.

पहिली गोष्ट वरगुण पांड्याची. या राजाच्या घोड्याखाली चुकून एक ब्राह्मण सापडून मेला. ब्रह्महत्या सावलीसारखी राजाच्या मागे लागली. तो या देवळात पूर्वेच्या दाराने शिरला, तेव्हा ती दाराबाहेरच थांबली. दर्शन झाल्यावर राजाला आज्ञा झाली, पश्चिमेच्या दाराने जा. ब्रह्महत्या अजून पूर्वेला त्याची वाट पाहत बसली आहे, असे म्हणतात. म्हणून जाणते भाविक आले त्या दाराने परत जात नाहीत.

दूर इंग्लंडात चौदाव्या शतकात कुणा अज्ञात कवीने आर्थर राजाच्या दरबारातल्या गवेन या सरदाराची गोष्ट रचली. गवेन शूर, सभ्य, दिल्या शब्दाला जागणारा. एका हिरव्या योद्ध्याला दिलेल्या वचनाप्रमाणे तो वर्षाने त्याच्या कुऱ्हाडीखाली मान द्यायला निघतो. वाटेत एका गढीत मुक्काम पडतो. दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचे, असा यजमानाशी करार होतो. यजमानीण त्याला एक हिरवा पट्टा देते. तो बांधला की मरण येत नाही, असे सांगते. गवेन तेवढा एक पट्टा यजमानापासून लपवतो. जीव कुणाला प्यारा नसतो? यजमान हाच तो हिरवा योद्धा निघतो आणि लपवाछपवीबद्दल गवेनच्या मानेवर फक्त एक ओरखडा उठतो. पुढे गवेन तो पट्टा आपल्या लाजेची खूण म्हणून सर्वांसमक्ष अंगावर वागवतो. सगळा दरबार हसतो आणि तसेच पट्टे मोठ्या कौतुकाने बांधू लागतो! शूरांच्या कथांत हा प्रसंग मला सर्वांत खरा वाटतो.

आता आपला राजा. तंजावरचे तुळजाजी भोसले १७८७ साली मरणशय्येवर होते. पोटचा वारस नव्हता. भोसले कुळातला सर्फोजी हा दहा वर्षांचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या हाती सोपवायचे ठरवले. ती जबाबदारी पाद्र्याला पेलणारी वाटेना. त्याने तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांचे नाव सुचवले. मुलाला सांभाळायचे आणि तो मोठा होईपर्यंत राज्य चालवायचे, हे अमरसिंगांनी पत्करले.

भाऊ गेला आणि दत्तक अशास्त्रीय असल्याचा निर्णय पंडितांनी दिला. कंपनी सरकारने तो मानला व अमरसिंग गादीवर बसले. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तेही प्रतापसिंहांचेच पुत्र होते. पण पोराने काय केले होते? सर्फोजीला जवळजवळ कोंडून ठेवले गेले, शिक्षणाचीही आबाळ झाली. पाद्र्याला आपल्या सल्ल्याचे फळ दिसत होते. तो कंपनीकडे दाद मागत राहिला. अखेर १७९३ साली मुलाला आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवले. पुन्हा शास्त्रार्थ झाला, या वेळी दत्तक ग्राह्य ठरले आणि १७९८ मध्ये अमरसिंगांना गादी सोडावी लागली. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. शिष्याचा राज्याभिषेक त्याला दिसला नाही.

सर्फोजींनाही गादी फुकट मिळाली नाही. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. काका-पुतण्याच्या भांडणात तिसऱ्याचे फावले, हे आपल्या घराघरांतले जुनेच दुखणे. उरलेल्या आयुष्यात सर्फोजींनी सरस्वती महालात ग्रंथ जमवले आणि पाद्र्याची आठवण म्हणून फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. तंजावरच्या चर्चमधल्या त्या शिल्पात गुरूच्या मृत्युशय्येपाशी राजा उभा आहे.

आणि अमरसिंग? पेन्शन घेऊन ते राहायला आले ते याच तिरुविडैमरुदूरला. इथे त्यांचा लहानसा दरबार होता, गवई होते. १८०२ मध्ये ते वारले. गवेनसारखी कसली खूण त्यांनी अंगावर वागवली नाही. पण दर्शनाला जाताना पूर्वेच्या दाराशी त्यांची पावले कधी अडखळली असतील का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मराठा राजघराण्यातल्या एका स्त्रीने पुढे याच देवळात लक्ष दिव्यांचा नवस फेडला आणि हातात दिवा धरलेली स्वतःची धातूची मूर्ती देवाला वाहिली. तिने बोललेला शब्द पाळला होता.