गुडघा आंबवड्याचा, गोळी जगाची

नागेश्वराचं देऊळ आणि झुलता पूल पाहून पर्यटक आंबवड्यातून निघून जातात. भात लावणीच्या दिवसांत तिथले गुडघे काय बोलतात ते त्यांच्या कानावर पडत नाही. भोरला निघालेल्याला निरोप ठरलेला: "येताना सुजेची गोळी आण, पण पोटाला लागणारी नको." या एका अटीपायी औषध कंपन्यांनी आजवर किती डॉलर ओतले, त्याला गणती नाही!

सुरुवात झाडाच्या सालीपासून. आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज दिसतो ना, त्याच्या युरोपातल्या भाऊबंदांची साल लोक दुखण्यावर घेत. त्याच वाटेवर पुढे अ‍ॅस्पिरिन आलं. बायर कंपनीत ते १८९७ मध्ये शुद्ध रूपात तयार झालं. पण ते नेमकं काय करतं, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवलं १९७१ मध्ये. तोवर सगळा कारभार अनुभवावर!

मग कळलं की 'कॉक्स' नावाची विकरं दोन आहेत. एक पोटाचं अस्तर सांभाळतं, दुसरं सूज वाढवतं. जुन्या गोळ्या दोघांनाही झोडपायच्या. फक्त दुसऱ्यावर नेम धरणारी रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये आली आणि धो धो खपली. पोट बचावलं, पण हृदयविकाराचा धोका वाढला. ३० सप्टेंबर २००४ रोजी ती बनवणाऱ्या मर्कने ती जगभरातून मागे घेतली. तिच्याच भावकीतल्या एटोरिकॉक्सिबला अमेरिकेने २००७ मध्ये दार लावून घेतलं. आपल्या मेडिकलात ती आजही मिळते.

मराठी मुलखानेही सुजेवर नेम धरून पाहिला, फक्त कॉक्सवर नव्हे. मुंबईच्या ग्लेनमार्कने ओग्लेमिलास्ट ही दम्यावरची, श्वासनलिकेची सूज उतरवणारी गोळी शोधली. तिचे हक्क अमेरिकेच्या फॉरेस्टने घेतले, जपानसाठी तेजिनने. २००९ मध्ये गोळी चाचणीत नापास झाली. तिच्याच जातकुळीच्या एप्रेमिलास्टला मात्र २०१४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि त्याचा रासायनिक पूर्वज कोण? गर्भातल्या बाळांना अधू करून बदनाम झालेलं थॅलिडोमाइड!

सगळ्यात भन्नाट प्रकरण गोठ्यातलं. सुजेवर डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून जवळजवळ संपलीच. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला काही टिकून राहिली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पर्याय म्हणून पुढे आलं मेलॉक्सिकॅम, तेही दुसऱ्या कॉक्सकडेच जास्त झुकणारं. एसिक्लोफिनॅकचं तर गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं, म्हणून २०२३ मध्ये जनावरांसाठी त्यालाही बंदी झाली. त्याआधी डायक्लोफिनॅकच्या बंदीतून लोकांनी पळवाट काढलीच होती: माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅक इंजेक्शनची मोठी बाटली आणायची आणि गाईला टोचायची. सरकारने २०१५ मध्ये ती बाटलीच ३ मिलिलिटरची करून टाकली. आता एका गाईसाठी किती फोडणार?