घोड्याला दिवा नको असतो

ठाणे-कल्याण पट्ट्यात ‘तबेला’ म्हटलं की डोळ्यांपुढे म्हशी येतात. कल्याणच्या गोविंदवाडी-रेतीबंदरकडच्या दुधाच्या धंद्याने हा शब्द घोड्यांकडून कधीच काढून घेतला. तरी वरातीचे घोडे या शहरांतून गेलेले नाहीत. लग्नसराईत झूल पांघरून मिरवणारा घोडा उरलेला वेळ शहराच्या कडेला एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो, आणि तिथे उजेड असलाच तर तो अनेकदा शेजारून ओढून आणलेल्या वायरीचा असतो. अशा शेडसाठी स्वतंत्र सौरदिवे बसवायचे म्हटलं, की पहिली चौकशी होते ती पॅनेल केवढं लागेल याची. माझ्या मते हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. आधी ठरवायला हवं की उजेड हवाय कुणाला, आणि किती वेळ.

घोड्याला तो फारसा नको असतो. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा चकचकीत थर असतो, त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला माणसापेक्षा खूपच बरं दिसतं. उलट झगझगीत जागेतून काळोखात नेलं, तर त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतात आणि तेवढ्यात तो बिचकतो. घोडा दिवसाकाठी जेमतेम तीनेक तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांनी. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवंच व्हावं लागतं, आणि त्यासाठी आसपास शांतता लागते. घोडीचं माजावर येणंही दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतं, म्हणून स्टड फार्मवर हिवाळ्यात मुद्दाम दिवे लावून तिचा दिवस सोळा तासांपर्यंत ताणतात. रात्रभर डोक्यावर ट्यूबलाइट जळत ठेवणं ही घोड्याची काळजी घेणं नव्हे. दिवा हवा असतो मोतद्दाराला. वरातीहून मध्यरात्री परतल्यावर खोगीर उतरवायचं, पाठीवर कुठे घासलंय का ते बघायचं, खूर उचलून नालाचा सैल खिळा शोधायचा, चंदीला बुरशी आली नाही ना हे पाहायचं, पोटशूळ उठलेल्या जनावराची कूस तपासायची, ही सगळी कामं डोळ्यांची आहेत. ती चार-पाच तासांत आटोपतात.

एवढं ठरलं की हिशेब सोपा होतो. चार घोड्यांच्या शेडला पाच-पाच वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, म्हणजे १०० वॅट-तास. रात्रभर एक वॅटचा पिवळसर मिणमिणता दिवा धरला, तरी ११० च्या आतबाहेर. वायर, कंट्रोलर आणि बॅटरीतली गळती वजा जाता पॅनेलच्या छापील क्षमतेपैकी सुमारे ७० टक्के हाती लागते. मे महिन्यात आपल्याकडे पॅनेलला रोज सहा तासांच्या भर उन्हाएवढी ऊर्जा मिळते. त्या हिशेबाने चाळीस वॅटचं पॅनेलही पुरून उरतं, आणि उन्हाळ्यात घेतलेले संच पावसात दगा देतात ते इथेच. झड लागली की हे सहा तास दीड-दोनवर येतात. तेव्हा चाळीस वॅटमधून फार तर निम्मा खर्च भागतो, शंभर वॅटमधून जेमतेम सगळा. म्हणून पॅनेल जुलैच्या मापाने घ्यावं. मेमधली जास्तीची वीज वाया गेली तर जाऊ द्यावी.

इथे एक योगायोग कामाला येतो. सौरदिव्यांवरचा नेहमीचा आक्षेप असा, की गरज असते तेव्हाच ऊन नसतं. वरातीच्या घोड्याबाबत तो निम्माच खरा आहे. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात लग्नं जवळजवळ थांबतात, म्हणजे आभाळ भरलेलं असतं तेव्हा मध्यरात्री परतणारे घोडेही थोडेच. लग्नसराईचे हंगाम कार्तिकानंतरचे आणि उन्हाळ्यातले, दोन्ही स्वच्छ आकाशाचे. पंचांग आणि पॅनेल यांचं असं जमेल हे पंचांगकर्त्यांच्या मनातही नसेल. तरीही बॅटरीत तीन दिवसांची बेगमी हवीच, कारण पोटशूळ मुहूर्त बघत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बारा व्होल्टची ३५-४० अँपिअर-तासांची बॅटरी त्याला पुरते. लेड-ॲसिड घेतली तर ती निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून ६० अँपिअर-तासांची लागते, शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. सुक्या गवताच्या गंजीशेजारी मी ती ठेवणार नाही.

आता मोठा आक्षेप. ठाणे-कल्याणसारख्या शहरात घरोघरी वीज असताना वीजजाळ्याबाहेरचा हा उपद्व्याप कशाला? सरकारची छतावरची सौर योजना आहेच, असंही कुणी म्हणेल. पण २०२४ ची पीएम सूर्यघर योजना घराचं छप्पर आणि चालू वीजजोडणी धरून चालते. शेडकडे बहुधा दोन्ही नसतं. शिवाय बॅटरी नसलेली, जाळ्याला जोडलेली सौरयंत्रणा वीज गेली की स्वतःहून बंद होते, दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला झटका बसू नये म्हणून. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा भर उन्हात अशा छपरांचाही उपयोग नव्हता. आणि माझं खरं कारण वेगळंच आहे. घोड्याच्या पायांना लोखंडी नाल असतात, खाली मूत्राने ओली जमीन असते, पुढच्या-मागच्या पायांत चांगलं अंतर असतं. फाटक्या वायरीतून जमिनीत उतरलेला २३० व्होल्टचा प्रवाह माणसाला चटका देऊन सोडेल अशा ठिकाणी घोडा जागीच कोसळू शकतो. बारा व्होल्टमध्ये ती भीती राहत नाही. आगीची मात्र राहते: बॅटरीची दोन टोकं भिडली तर ठिणगी गवत पेटवायला पुरेशी असते. म्हणून बॅटरीलगत फ्यूज हवा आणि उंदरांसाठी सगळी वायर पाइपातून. वायर दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी. बारीक वायरीत दहा मीटरवर एक व्होल्ट गळतो, आणि बारातून एक गेला की दिवा मंदावतो. मूत्रातल्या अमोनियाने तांब्याचे उघडे जोड हिरवे पडतात, तेव्हा जोड बंद डबीतच हवेत.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो टाळता येत नाही: शहरात घोडे ठेवावेतच का? जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौशी सफरीच्या घोडागाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या. वरातीच्या घोड्यांवरही उद्या तशी वेळ येऊ शकेल, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही. पण तोवर जे घोडे आहेत त्यांच्या जखमा अंधारात न दिसण्याने कुठल्याच बाजूचं भलं होत नाही. सौरदिवा म्हणजे परवाना नव्हे, अपुऱ्या जागेची भरपाई तर नव्हेच.

राहता राहिलं वारा, चोर आणि पाणी. निसर्ग आणि तौक्ते या वादळांनी पत्र्यांचं काय होतं ते दाखवलंय, म्हणून पॅनेल पत्र्यावर न बसवता स्वतंत्र जीआय खांबावर, दक्षिणेकडे तोंड करून वीसेक अंशांत कलतं बसवावं. खांब उंच असला की चोरही जरा विचार करतो. पाण्याचा विचार मात्र सगळ्यांत आधी. उल्हास नदी आणि खाडी एकदम चढली की काय होतं, हे २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूरने पाहिलंय. २०१९ च्या जुलैत तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस प्रवाशांसकट पाण्यात अडकली होती. बॅटरी आणि कंट्रोलर डोक्याच्याही वर, तुळईलगतच्या फळीवर हवेत. आणि चारांतला एक दिवा शेडच्या बाहेर, रस्त्याकडे जाणाऱ्या वाटेवर, वेगळ्या बटणावर. पाणी चढू लागलं की आधी तो लावायचा आणि आतले विझवायचे, म्हणजे बाहेरची वाट आतल्यापेक्षा उजळ दिसते आणि घोडा उंबऱ्याशी अडत नाही.