बोमडिलाची रेषा : लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

चीनच्या युद्धाची चर्चा निघाली की आपल्याकडे नेहरू, कृष्ण मेनन आणि जनरल कौल यांची नावे येतात. तीन वर्षे आधी धोक्याची लेखी सूचना देणाऱ्या मराठी सेनानीचे नाव मात्र मागे राहते. ते नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे.

१२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूरजवळच्या वडगावात जन्मलेले थोरात सँडहर्स्टमध्ये शिकून १९२६ मध्ये अधिकारी झाले. त्यांचा खरा कस लागला तो ब्रह्मदेशात. जानेवारी १९४५ मध्ये आराकान किनाऱ्यावर कांगाव येथे ५१ व्या ब्रिगेडने जपान्यांच्या माघारीची वाट रोखली. त्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. ब्रिटिश अमदानीत ही साधी गोष्ट नव्हती. थोरातांच्या पंजाब पलटणीने मेलरोज नावाची टेकडी संगिनींच्या हातघाईत जिंकली. तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ मिळाली.

आठ वर्षांनी त्यांच्याकडे अगदी उलट स्वभावाचे काम आले. कोरियातील युद्धबंदीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैद्यांचा सांभाळ भारताकडे सोपवला गेला. त्यासाठीच्या ‘कस्टोडियन फोर्स’चे नेतृत्व थोरातांनी केले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून आपले जवान जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. सप्टेंबर १९५३ मध्ये संतप्त चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना छावणीत डांबून ठेवले. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, बोलणी केली आणि ग्रेवालांना सोडवून आणले. गोळीबार झाला असता तर किती प्रेते पडली असती, याची कल्पनाच केलेली बरी. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन हा सन्मान मिळाला. आज तो कीर्तिचक्र म्हणून ओळखला जातो.

तरीही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे काम रणांगणावरचे नव्हे, कागदावरचे आहे. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे प्रमुख होते आणि मुख्यालय लखनौला होते. नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी संरक्षणाचा सविस्तर आराखडा तयार केला. त्याचे सूत्र स्वच्छ होते. मॅकमहोन रेषेवर रस्ते नाहीत, रसद पोचत नाही, तेव्हा तिथे फक्त टेहळणीची ठाणी ठेवावीत. खरी लढाई बोमडिलासारख्या मागच्या जागी द्यावी, म्हणजे शत्रूची रसदवाट लांबेल आणि आपली आखूड राहील. मार्च १९६० मध्ये ‘लाल किल्ला’ या सरावात त्यांनी हेच वरिष्ठांसमोर मांडले. लष्करप्रमुख थिमय्यांना आराखडा पटला. संरक्षणमंत्री मेनन यांनी तो अवास्तव भीतीचा म्हणून बाजूला सारला.

थिमय्यांनी आपला वारस म्हणून थोरातांचे नाव सुचवले होते. मे १९६१ मध्ये पद मिळाले ते जनरल थापर यांना, आणि थोरात निवृत्त झाले. त्यानंतर फौजा पुढे, आणखी पुढे रेटण्याचे धोरण आले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीकाठी उघड्यावर ठेवलेली सातवी ब्रिगेड चिरडली गेली. महिन्याभरात से ला आणि बोमडिलाही पडले. युद्धानंतर नेहरूंनी बोलावून घेतले, आणि आराखडा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता हे तेव्हा कळले, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १० ऑगस्ट १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

थोरात सेनाप्रमुख झाले असते तर युद्ध जिंकलेच असते, असा दावा करता येणार नाही. फौज अपुरी होती, रस्ते नव्हते. पण कुठे लढू नये हे ज्याला नेमके कळले होते, त्याचे म्हणणे सरकारदरबारी अडले आणि त्याची किंमत जवानांनी मोजली. या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल १९६३ पासून सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. तो खुला व्हावा, आणि आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत १९६२ च्या धड्यात थोरातांच्या आराखड्याला जागा मिळावी, ही मागणी महाराष्ट्राने लावून धरली पाहिजे.