हँडल धरून बर्फावरून

हिवाळ्यात बर्फाचा अंमल एकदा बसला, म्हणजे स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड गावी चाकाच्या वाहनाची मातब्बरी संपते. म्हणूनच आयगर शिखराच्या छायेत वसलेल्या या गावात क्रिश्चन ब्यूलमान नावाच्या, लाकूडकामात मुरलेल्या गृहस्थाने सायकलसारखाच घाट असलेले, परंतु चाकांच्या जागी लाकडी पट्ट्या बसवलेले वाहन घडविले, तेव्हा त्याच्या मनात क्रीडेपेक्षा नित्याच्या दळणवळणाची निकडच अधिक असावी. १९११ साली त्याने आपल्या कल्पनेची रीतसर सनद मिळविली. ‘व्हेलोगेमेल’ या नावाचे हे वाहन पुढे टपालवाल्यांच्या, डॉक्टरांच्या आणि शाळकरी मुलांच्याही उपयोगी पडू लागले.

या वाहनाची रचना इतकी साधी आहे की प्रथमदर्शनी कोणासही ते अपुरे वाटावे. पाठची पट्टी स्थिर, पुढची हँडलबरोबर वळणारी, मध्ये एक बैठक. पायडल नाही, साखळी नाही, आणि ज्याविना सायकलवर बसण्याचे धाडस आपण करणार नाही, तो ब्रेकही नाही. उतारच त्याला ओढून नेतो. स्वार दोन्ही पाय बर्फालगत, किंचित पुढे ठेवून बसतो. डावीकडे वळायचे तर हँडल फिरविता फिरविता अंग त्याच बाजूस झुकवितो, त्यासरशी पट्टीची कड बर्फात रुतते आणि वाहन वळते. वेग आवरायचा असेल तेव्हा मात्र बुटांच्या टाचांवाचून दुसरा आधार नाही. ताज्या बर्फावर हे सारे सुखाने साधते. परंतु रात्रीच्या थंडीने रस्ता काचेसारखा कठीण झाला असेल, तर टाच रुतत नाही आणि हँडल नाममात्र उरते, तेव्हा खऱ्या स्वाराची पारख होते.

वस्तुतः बर्फावर सायकल चालविण्याचे स्वप्न एकट्या ग्रिंडेलवाल्डने पाहिले, असे नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात जॉन स्टीव्हन्स याने १८९२ सालीच अशा वाहनाचे पेटंट घेतले होते. पण त्या कल्पनेला क्रीडेचा दर्जा मिळाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या डोंगराळ मुलखात. तेथे घडलेल्या ‘स्कीबॉब’मध्ये लाकडी पट्ट्यांऐवजी स्कीच्या फळ्या आल्या, आणि स्वाराच्या पायांतही दोन आखूड फळ्या, त्यांच्या टाचांना धातूच्या नख्या. दोन फळ्या वाहनाच्या, दोन पायांच्या, अशा चार ठिकाणी जमिनीचा स्पर्श असल्याने तोल बिघडण्याचे भय कमी झाले, आणि शरीराचा पुष्कळसा भार बैठकीवर पडत असल्याने गुडघ्यांनी दगा दिलेल्या अनेकांना पर्वतांची वाट पुन्हा मोकळी झाली. १९६१ साली या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि १९६७ साली ऑस्ट्रियातील बाड हॉफगास्टाइन येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्याआधीच, १९६४ साली, एरिख ब्रेंटर या ऑस्ट्रियन स्वाराने इटलीतील चेर्विनिया येथे ताशी १६६ किलोमीटरचा वेग गाठला होता. बसून उतरणे म्हणजे वृद्धांचा विरंगुळा, असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा!

तरीही स्कीबहाद्दरांच्या दरबारात या मंडळींना मानाची जागा सहसा मिळाली नाही. काही क्रीडाकेंद्रांत त्यांना मज्जावच आहे. कोठे परवानगी मिळते ती वाहन स्वाराच्या अंगाला पट्ट्याने बांधलेले असावे अशा अटीवर, कारण हातून सुटलेला स्कीबॉब खालच्या माणसांवर जाऊन आदळावयाचा. उभ्याने घसरणाऱ्याच्या तिरकस नजरा, पाळण्यात चढताना होणारी ओढाताण, सुटे भाग मिळविण्याची यातायात, एवढे सोसूनही हा छंद जे सोडत नाहीत, त्यांच्या हट्टाचे मला कौतुक वाटते. जिंकून मिळवावे असे वैभव या खेळात थोडेच आहे. मिळते ती हातांतील हँडलातून क्षणोक्षणी पोहोचणारी बर्फाची खबर. फळीवर उभ्या राहिलेल्यास ती पायांना कळते, या स्वारास तळव्यांना आणि मनगटांना. ज्याचे बालपण सायकलवर गेले, त्याच्या हातांना ही भाषा नवी नसते.

ग्रिंडेलवाल्डमध्ये १९९६ पासून दर फेब्रुवारीत व्हेलोगेमेलची जागतिक स्पर्धा भरते. नाव भव्य असले तरी वातावरण गावजत्रेचे असते. स्पर्धेत उतरण्याची उमेद नसलेल्या प्रवाशालाही हे वाहन भाड्याने मिळते आणि सुमारे १८०० मीटर उंचीवरील बुसाल्पपर्यंत बस जाते. तेथून गावापर्यंतच्या उताराला निघताना टाचा भक्कम असलेले जुने बूट घालावेत. नव्यांची दशा खाली पोहोचेपर्यंत पाहवणार नाही.