‘थ्रॉटल’ आणि ‘गळचेपी’ : एका रूपकाचे दोन प्रवास

‘थ्रॉटल’ या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द विचारला असता बहुतेक द्वैभाषिक वाचक विलंब न लावता ‘गळचेपी’ असे उत्तर देतील. ते चुकीचे म्हणता येणार नाही. इंग्रजीत ‘थ्रोट’ म्हणजे घसा. ‘थ्रॉटल’ हे त्याच्याशी निगडित क्रियापद असून मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ गळा दाबून मारणे असाच होता. मराठी शब्दाची घडणही तीच : गळा आणि चेपणे. एकमेकींपासून दूरच्या दोन भाषांनी एकाच शारीरिक अनुभवातून एकच प्रतिमा उचलली, येथवर साम्य पूर्ण आहे. अडचण पुढे येते. इंग्रजीत ‘फुल थ्रॉटल’ म्हणजे पूर्ण वेगाने. ‘पूर्ण गळचेपी’चा असा अर्थ मराठीत कोणत्याही संदर्भात होऊ शकत नाही. मूळ प्रतिमा एक असताना एका भाषेत ती वेगाची खूण झाली आणि दुसरीत अन्यायाची, हे कसे घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

इंग्रजी शब्दाला वळण मिळाले ते वाफेच्या यंत्रामुळे. बॉयलरमधून सिलिंडरकडे जाणारी वाफ कमीअधिक करण्यासाठी नळीत जी फिरती झडप बसवली जाई, तिला ‘थ्रॉटल व्हाल्व्ह’ हे नाव मिळाले. यंत्राची वाफेची नळी म्हणजे जणू त्याचा घसा. जेम्स वॉटने 1788 मध्ये फिरत्या गोळ्यांचा ‘गव्हर्नर’ या झडपेला जोडला आणि यंत्र स्वतःच स्वतःचा वेग सांभाळू लागले. माझ्या मते या रूपकाच्या इतिहासातील निर्णायक क्षण हाच आहे. गळा दाबणारा हात येथे नाहीसा झाला. झडप पूर्ण उघडी असेल तेव्हा घसा मोकळा आणि वेग सर्वाधिक. म्हणून ‘थ्रॉटल उघडणे’ म्हणजे वेग वाढवणे. पुढे ‘उघडणे’ही गळून पडले आणि दाबण्याचा शब्द तेवढा धावण्यासाठी उरला. जर्मन भाषेतील ‘एरड्रॉसेल्न’ (गळा दाबून मारणे) आणि ‘ड्रॉसेल्न’ (प्रवाह वा वेग कमी करणे) ही जोडी याच मार्गाने गेलेली आहे. मात्र जर्मनमध्ये कमी करण्याचा अर्थ टिकून राहिला, वेगाच्या टोकाला तो शब्द पोहोचला नाही.

या शब्दाच्या अर्थच्छटा एकत्र पाहावयाच्या असतील तर बंगळूरच्या उत्तरेकडील देवनहळ्ळी हे सोयीचे ठिकाण आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान व तेथील किल्ला यांमुळे ते इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित होते; मे 2008 मध्ये तेथे बंगळूरचे नवे विमानतळ सुरू झाले. धावपट्टीवर वैमानिक जो दांडा पुढे सारतो त्याला बोलण्यात आजही ‘थ्रॉटल’च म्हणतात, वास्तविक जेट इंजिनात हवेची वाट अरुंद करणारी तशी झडप नसते. झडप गेली, नाव राहिले. विमानतळाबाहेर पडून शहराकडे निघावे, तर हेब्बाळजवळ वाहने तुंबतात आणि दुचाकीस्वार मूठ पिळून इंजिनाचा नुसता आवाज करीत राहतात. ही मूठ पिळण्याच्या क्रियेला मराठी चालक व मेस्त्री ‘रेस देणे’ म्हणतात. इंग्रजीतील इंजिन ‘रेस’ करण्यापासून आलेला हा शब्द मराठीने घरचा करून घेतला. म्हणजे ज्या सुट्या भागाचे नाव इंग्रजीत घसा आवळण्यावरून पडले, त्याच्या वापराला मराठी बोलीने धावण्याचे नाव दिले. भाषेने येथे अचूक निवड केली, असे मला वाटते. गळा दाबून गाडी पळवावी, ही कल्पना मराठी कानाला रुचली नसती.

देवनहळ्ळीच्या परिसरातच तिसरी छटा सापडते, आणि ती पाण्याची आहे. हा तलावांचा, कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणतात त्यांचा, प्रदेश. तलावातून शेताकडे पाणी सोडण्याचे जे दार असते त्याला कन्नडमध्ये ‘तूबु’ म्हणतात. ‘तुंबु’ या क्रियापदाचा अर्थ भरणे. केरे ‘तुंबली’ ही तेथे आनंदाची वार्ता असते. मराठीत मात्र मोरी तुंबते, नाला तुंबतो, रस्ता तुंबतो. मराठी ‘तुंबणे’चे कन्नड क्रियापदाशी असलेले नाते मला स्पष्ट दिसते, ते मान्य केल्यास भरण्याची क्रिया कृष्णा ओलांडून येताना अडचणीची कशी झाली, हा स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल.

येथे महत्त्वाचे ते एवढेच, की प्रवाह नियमित करण्यासाठी मराठीने गळ्याची प्रतिमा वापरली नाही. तिच्याजवळ दाराची प्रतिमा होती. शेतकरी रात्री ‘दारे धरायला’ जातो, धरणाचे ‘दरवाजे’ उघडतात, आणि धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाटाचे पाणी पाळीपाळीने वाटणारा ‘पाटकरी’ असतो. दार बंद करणे हा गुन्हा नव्हे. उलट, पाळी नसताना दार उघडणाऱ्यावरच भांडण ओढवते. नियमन दाराकडे गेल्यामुळे गळा मराठीत प्राण आणि वाणी यांच्यासाठी राखीव राहिला : गळ्याला तात लागते, गळा दाटून येतो, गळा घोटला जातो. ‘गळचेपी’त कर्ता व्याकरणात नसला तरी अर्थात असतोच, चेपणारा हात गृहीत आहे. 1878 च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याला इंग्रजीत तोंडात बोळा कोंबणारा अशा अर्थाचे टोपणनाव पडले. मराठी लेखनात त्यासाठी ‘मुस्कटदाबी’ आणि ‘गळचेपी’ दोन्ही शब्द येतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाभागातील मराठी भाषकांच्या तक्रारीचा तर ‘गळचेपी’ हा जवळजवळ पारिभाषिक शब्द बनला. ज्या भाषेविरुद्ध ही तक्रार होते त्या कन्नडमध्येही ‘कत्तु हिसुकु’, म्हणजे मान आवळणे, हा वाक्प्रचार त्याच राजकीय अर्थाने चालतो. वादातील दोन्ही पक्षांचे रूपक एकच आहे.

आता अनुवादकापुढील खरा पेच. इंटरनेटचा वेग जाणूनबुजून मंद करण्याला इंग्रजीत ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर 2017 मध्ये केलेल्या आणि केंद्र शासनाने 2018 मध्ये स्वीकारलेल्या शिफारशींत, आशय पाहून तो अडवणे, त्याचा दर्जा उतरवणे वा वेग मंदावणे यांना मनाई आहे. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये बंद झालेली सेवा जानेवारी 2020 पासून मोबाइलवर टू-जीच्या वेगाने अंशतः सुरू झाली. फोर-जी पूर्ववत झाले ते 5 फेब्रुवारी 2021 रोजी. अशा घटनेसंबंधीच्या इंग्रजी वाक्यातील ‘थ्रॉटल’चे मराठीत काय करावयाचे? ‘वेगनियंत्रण’ म्हटले तर वाक्य पाटकऱ्याचे होते, जणू पाण्याची पाळी ठरवली. ‘गळचेपी’ म्हटले तर ते फिर्यादीचे होते. इंग्रजी शब्द दोन्ही अर्थ एकाच श्वासात बाळगतो : यांत्रिक तटस्थता वर, गळ्यावरचा हात खाली. मराठीत असा दुहेरी शब्द नाही. संस्कृतातील ‘उपरोध’ अर्थाने जवळचा आहे, रोखणे वा वेढा घालणे असा; परंतु मराठीने त्याला वक्रोक्तीच्या कामाला लावले असल्याने तो परत मागता येत नाही.

अशा ठिकाणी मी ‘आवळणे’ हे क्रियापद वापरून पाहिले आहे. गाठ आवळतात, कमरपट्टा आवळतात, फासही आवळतात; काय आवळले हे कर्म ठरवते आणि निवाडा वाचकाकडे राहतो. ‘सेवेचा वेग आवळण्यात आला’ हे वाक्य प्रथम वाचताना किंचित खटकते, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या शेजारीच एका अक्षराच्या फरकाने ‘आवरणे’ उभे आहे, घोडा आवरावा तसे. आणि यांत्रिक संदर्भातील ‘थ्रॉटल’साठी, जेथे आवरणारा आणि आवरला जाणारा एकाच बाजूचे असतात, तेच अधिक योग्य होय.